गारांच्या आधीचा खुडा

बागेचे मॅनेजर देवरे साहेब कधी आमच्या खोलीच्या दारात आले नव्हते. त्या सकाळी आले. हातात फोन, कपाळावर घाम.

"मंजुळा, तुझ्या आईला फोन लाव," ते म्हणाले. "टोळी घेऊन उद्या सकाळी ये म्हणावं. जितक्या बाया मिळतील तितक्या."

मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच धरून उठले. "काय झालं साहेब?"

"मशीन बसलं. पाइप फुटलाय. धरणाकडचा सगळा प्लॉट उभा आहे आणि उद्या-परवा गारा सांगितल्यात."

ते गेले तरी मी दारातच उभी होते. दोन वर्षांपूर्वी याच साहेबांनी समोरच्या पटांगणात माझ्या आईला सांगितलं होतं, "जनाबाई, पुढच्या हंगामापासून खुड्याला माणसं लागणार नाहीत." खुडा म्हणजे द्राक्षं तोडायचं काम. आई तेव्हा उलट्या कॅरेटवर बसून पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "मग काय लागणार?"

"मशीन येतंय," साहेब म्हणाले होते.

दिंडोरीच्या बाजूला वाइनच्या कंपनीची ती बाग. टेकडीच्या उतारावरून थेट धरणाच्या पाण्यापर्यंत ओळीच ओळी. आम्ही वरचे, सुरगाण्याकडचे. माझी आई जना गावित टोळीची मुकादम होती. संक्रांत झाली की बाया गोळा करून खाली उतरायची आणि होळीला घरी परतायची. मी त्याच टोळीत वाढले. बागेतल्या ट्रॅक्टरवर हिरामण भोये होता, आमच्याच बाजूचा, कमी बोलणारा. त्याच्याशी माझं लग्न आईनंच लावून दिलं. "हा माणूस दारू पीत नाही आणि आवाज चढवत नाही," एवढंच बघून.

मशीन आलं तेव्हा कंपनीनं ते चालवायला हिरामणलाच शिकवलं. आम्हाला बागेत खोली मिळाली, बारमाही पगार सुरू झाला. आणि आईच्या टोळीचं काम गेलं. आई म्हणायची, "माझं काम माझ्या जावयानं नेलं." त्यानंतर ती आमच्या घरचं पाणीसुद्धा प्याली नाही.

मशीन निळं होतं, घराएवढं उंच. वेलांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून ते ओळ पोटाखाली घ्यायचं आणि चालायला लागायचं. पोटात दोन्हीकडून वाकड्या दांड्या होत्या. त्या वेलाला गदागदा हलवायच्या, मणी गळून खालच्या पट्ट्यावर पडायचे आणि वरच्या टाकीत जायचे. टोळीला जे काम दिवसभर पुरायचं ते मशीन न्याहारीच्या आत उरकायचं. ते पुढे गेलं की वेलावर घडांचे नुसते देठ लोंबत राहायचे, मासळी खाऊन काटे ठेवावेत तसे. पहिल्या वर्षी मला ते पाहवायचं नाही. पुढे सवय झाली.

मी फोन लावला तेव्हा आई लासलगावकडे कांदे काढत होती.

"कशाला केला फोन?"

"आई, मशीन बंद पडलंय. साहेब टोळीला बोलावू राहिले."

ती हसली. तिचं हसणं ऐकून मला किती दिवस झाले होते ते आठवेना. "तुझ्या नवऱ्याचा रेडा बसला का?"

"आई, असं नको ना बोलू."

"कोणता प्लॉट?"

"खालचा. धरणाकडचा."

त्या प्लॉटची रोपं लावायला तिचीच टोळी होती. पहिल्या उन्हाळ्यात तिथं नळी पोचली नव्हती, तेव्हा बायांनी धरणावरून हंड्यांनी पाणी आणून ती जगवली होती.

"इथला कांदा अर्धा राहिलाय," ती म्हणाली. मग आवाज बदलला. "पण सांग साहेबाला, येते. आणि कात्र्या आहेत का जागेवर, का त्याही विकल्या?"

संध्याकाळी हिरामण ऑइलनं माखून घरी आला. मी त्याला सांगितलं. आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारतात, मीही मारायची.

"येऊ दे," तो म्हणाला. "पाइप पुण्याहून निघालाय. पहाटेपर्यंत येईल."

"मग आईला कशाला बोलावलं?"

"साहेबाला भरवसा नाही. पाइप बसला तर मशीन, नाही बसला तर मामी." तो आईला मामी म्हणायचा. हात धुताना त्यानं विचारलं, "खूश झाली का गं?"

"हो," मी म्हटलं.

सकाळी पिकअप आली तेव्हा बायांचा आवाज फाटकापासून ऐकू येत होता. उतरताना एकमेकींना ढकलत होत्या, हसत होत्या. माझी मावसबहीण वेणू उडी मारून खाली आली आणि थेट वेलापाशी गेली. एक मणी तोंडात टाकून म्हणाली, "गोड झालीत गं! आपल्या वेळेपेक्षा गोड." आई सगळ्यांत शेवटी उतरली. वाळलेली, उन्हानं काळी पडलेली. पण पदर कमरेला खोचून उभी राहिली तेव्हा तीच जुनी मुकादम दिसली.

"साहेब, आधी बोलून घेऊ," ती म्हणाली.

"बोला जनाबाई, पण वेळ नाही."

"वेळ नाही म्हणूनच बोलते. हा प्लॉट आम्ही हातानं उतरवून दिला, तर पुढच्या वर्षीपासून हा आमचा. वर जिथं फिरवायचं तिथं मशीन फिरवा. खाली आमच्या कात्र्या."

देवरे साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, पण वारा पडला होता आणि सकाळीच उकडत होतं.

"सगळा प्लॉट?"

"सगळा."

"पाऊस यायच्या आत?"

"आत."

"ठीक आहे. मी वर बोलून करून घेतो. पण एक सांगतो, मशीन मधेच सुरू झालं तर मी थांबणार नाही. मला माल वायनरीत पाहिजे. मग तुम्ही जेवढं खुडलं तेवढ्याची मजुरी आणि विषय संपला."

आईनं तेव्हा पहिल्यांदा हिरामणकडे पाहिलं. नव्या पाइपचं खोकं काखेत धरून तो थोडा लांब उभा होता.

"मग आज त्या रेड्याला झोपू द्या," ती म्हणाली. बाया हसल्या. हिरामण मशीनकडे चालू लागला.

मशीन प्लॉटच्या वरच्या टोकाला, बांधावर उभं होतं. आम्ही खालून, पाण्याच्या बाजूनं सुरुवात केली. मीही घरातली कामं टाकून कात्री घेतली. एका ओळीला दोघी, अल्याड एक आणि पल्याड एक. डाव्या हातात घड, उजव्या हातानं देठ कापायचा, घड अलगद कॅरेटमध्ये. हात दोन वर्षांत काही विसरले नव्हते. आई ओळींमधून फिरत होती. मागे पडलेल्या बाईच्या ओळीत शिरून तिला बरोबरीला आणायची आणि पुढे जायची. "पानात लपलेला घड ठेवू नका गं. उद्या म्हणतील मशीन बरं." कॅरेटं भरत होती, ट्रॉली भरून वायनरीकडे जात होती. ऊन चढलं तरी कुणी बसायचं नाव घेईना.

"मावशी, पुढच्या वर्षी मी लेकीला घेऊन येईन," वेणू ओरडून म्हणाली. "तिला कांद्यात नाही घालायची."

"आण," आई म्हणाली. "पण कात्री घरून शिकवून आण."

अधूनमधून मी वर पाहायची. हिरामणचे फक्त पाय दिसायचे, मशीनखालून बाहेर आलेले. देवरे साहेब दोनदा वर जाऊन आले. दुसऱ्या वेळी मी रिकामी कॅरेटं आणायला गेले होते, तेव्हा त्यांचं बोलणं ऐकलं.

"झालं का रे?"

"प्रेशर धरत नाही, साहेब."

"नवा पाइप टाकलास ना?"

"टाकला. तरी धरत नाही."

"इंजिनियर काय म्हणतो?"

"फोन लागत नाही त्यांचा."

"तुला काही कळतं का त्यातलं, का नुसता खाली लोळतोस?" साहेब चिडून म्हणाले. हिरामणनं मान खाली घातली.

जेवणाच्या सुट्टीत बाया बांधावर सावलीला आल्या. आईनं भाकरी सोडली आणि मशीनकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "काय जावईबुवा, जमेना का? आमची बाई आजारी पडली तर एका गोळीवर उठून कामाला लागते. तुमचं हे केवढं धूड, आणि एका नळीवाचून आडवं!"

सगळ्या हसल्या. हिरामण खालूनच म्हणाला, "जमेल, मामी."

"जमू नये म्हणते मी. आमच्या पोटावर बसून खूप चाललं ते." ती आता हसत नव्हती. "माझ्या मांडवात बसलेला माणूस माझ्याच बायांची ताटं काढून नेईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी मुलीला घरी ठेवली असती."

कोणी हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहाचा कप घेऊन मशीनपाशी गेले. तो सरकत बाहेर आला. त्याचे हात कोरडे होते, ताज्या ऑइलचा डाग नाही. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या मनातसुद्धा आला नाही.

"तिचं मनावर नको घेऊ," मी म्हटलं.

"किती राहिलं?" त्यानं विचारलं.

"अर्ध्याला थोडं कमी."

त्यानं चहा एका घोटात संपवला आणि डोंगराकडे बघितलं. तिथं काळं आभाळ वर यायला लागलं होतं. "मामीला सांग, जेवणं आवरा. बसू नका. हात उचला म्हणावं."

"तू बघ ना तुझं मशीन. आईचं आई बघेल," मी म्हटलं. मलाही राग आला होता. कुणाचा ते माहीत नाही.

त्यानंतर आम्ही ज्या वेगानं खुडलं, तसं मी आयुष्यात कधी खुडलं नाही. बोटं कापली गेली, कुणी बघितलं नाही. म्हाताऱ्या बाया कॅरेटं डोक्यावर घेऊन पळत होत्या. आईचा आवाज बसला. वारा सुटला आणि वेलांची पानं उलटी होऊन पांढरी दिसू लागली. वरच्या ओळी अजून भरलेल्या होत्या. देवरे साहेब बांधावर उभे राहून एकदा आमच्याकडे, एकदा मशीनकडे बघत होते.

पहिली गार कॅरेटवर वाजली. मग पाठोपाठ सगळीकडे. बाया डोक्यावर रिकामी कॅरेटं घेऊन शेडकडे पळाल्या. आई पळाली नाही. ती ओळीतच उभी राहून खुडत राहिली. मी आणि वेणूनं तिला दोन्ही दंडांना धरून ओढत शेडमध्ये आणलं. तिच्या कपाळावर गार लागून रक्त आलं होतं.

पत्र्यावर इतका आवाज होत होता की कुणाचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. आम्ही बघत उभ्या होतो. मणी फुटून खाली सांडत होते, ओळींमधून रस मिसळलेलं पाणी वाहत होतं. फार वेळ नाही चाललं ते. थांबलं तेव्हा वेलांवर पान राहिलं नव्हतं.

देवरे साहेब चिखलातून फिरून आले. आई पुढे झाली.

"साहेब, पाऊण प्लॉटच्या वर उतरवला आम्ही. तेवढा माल आत गेला."

"हो."

"मग पुढच्या वर्षीचं?"

साहेबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "जनाबाई, तुमची चूक नाही. तुम्ही जीव तोडून केलं, मी पाहिलंय. पण वर काय सांगू? मशीन चालू असतं तर हा माल दुपारच्या आत वायनरीत असता. आता हे फुटलेले मणी उद्या आंबतील. कुणी हात लावणार नाही त्याला."

"पण बोलणं झालं होतं."

"सगळा प्लॉट म्हणाला होतात."

मग ते बाजूला जाऊन फोनवर बोलले, पण शेड लहान होती. "एका मशीनवर भागणार नाही सर. दुसरं घ्यावंच लागेल. आज एक बंद होतं आणि बघा काय झालं. नाही नाही, माणसांनी होण्यासारखं काम नाही हे." ते शेवटच्या ट्रॉलीबरोबर वायनरीकडे निघून गेले.

मी आईच्या कपाळाला हळद लावली. "भाकरी टाकते सगळ्यांना. खाऊन जा."

ती काही बोलणार तेवढ्यात वर मशीन सुरू झालं. पहिल्याच फटक्यात. घरघर करत ते बांधावरून उतरलं आणि चिखल टाळत शेडच्या मागच्या जागेकडे निघालं. हिरामण वर केबिनमध्ये बसला होता.

आई उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"बघ," ती म्हणाली. "आमचा सत्यानाश झाला आणि ते उठलं. ह्याची वाटच बघत होता तुझा नवरा."

"आई, तसं नाही गं."

"तुझ्या घरची भाकरी नको." बायांना घेऊन ती भिजलेल्या पिकअपमध्ये जाऊन बसली. जाताना वेणूनं हात हलवला. आईनं मागे बघितलं नाही.

मी शेडच्या मागे गेले. हिरामणनं मशीन बंद केलं होतं, पण खाली उतरला नव्हता. मी खालून म्हटलं, "कधी झालं दुरुस्त?"

तो स्टिअरिंगवरचा चिखल पुसत राहिला.

"हिरामण, मी विचारते आहे. पाऊस थांबल्या थांबल्या कसं झालं?"

"सकाळीच झालं होतं," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"टोळीनं पहिली ओळ संपवली तेव्हाच पाइप बसला. प्रेशरही धरलं. मी नुसता खाली पडून होतो."

"का?"

"साहेब काय म्हणाला ते ऐकलं ना तू? मशीन सुरू झालं तर विषय संपला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं मामी उतरवेल सगळं. उतरवलंच होतं जवळपास. थोडा वेळ मिळायला पाहिजे होता."

मी चाकाला टेकून खाली बसले. दुपारी त्यानं किती राहिलं असं का विचारलं, आईला बसू नका का सांगितलं, ते मला तेव्हा कळलं.

"मी आत्ता फोन करते तिला. तिला कळू दे."

"नको." तो पटकन खाली उतरला. "टोळीतल्या एकीच्या तोंडून जरी बाहेर गेलं, तर आपणही त्या पिकअपमध्ये. आणि काय सांगशील? मी सुरू केलं असतं तर माल वाचला असता, साहेब जाताना दुसऱ्या मशीनचं बोलला ते बोलला नसता. कदाचित वरच्या कडेच्या चार ओळी तरी मागून घेता आल्या असत्या तिला. मी थांबलो म्हणून तेही गेलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो हे सगळं मशीनचा बिघाड सांगावा तसं सांगत होता.

पुढच्या हंगामाला दुसरं मशीन आलं. त्याच्यावर दुसरा ड्रायव्हर आला. आईची टोळी त्या वर्षी मोडली. काही बाया कांद्यात गेल्या, काही गुजरातकडे वीटभट्टीवर. वेणूची लेक तिथंच कुठंतरी लग्न करून राहिली. आणखी काही वर्षांनी कंपनीनं आपली दोन्ही मशीनं काढून टाकली आणि भाड्यानं मशीनं आणायला लागली. भाड्याच्या मशीनबरोबर त्यांचाच ड्रायव्हर यायचा. देवरे साहेबांनी हिरामणचा हिशेब करून दिला, खांद्यावर हात ठेवला. आम्ही खोली सोडली आणि गावी आलो. तो आता पाण्याच्या टँकरवर जातो, टँकर असतो तेव्हा. आईचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण रस्त्यात तो दिसला की ती तोंड फिरवायची, आणि तो मान खाली घालून निघून जायचा. त्याच्या नावानं ती काय काय बोलायची ते सगळ्या गावाला पाठ होतं.

गेल्या वर्षी आई फार थकली. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती ओसरीवर सुपात नागलीचे दाणे निवडत बसली होती. मला राहवलं नाही. आता कंपनी नाही, नोकरी नाही, लपवायचं कुणापासून? मी तिला सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले.

"सकाळीच झालं होतं?"

"हो."

"आणि दिवसभर माझं बोलणं खात पडून राहिला?"

"हो, आई."

मला वाटलं ती रडेल. वाटलं म्हणेल, बोलाव त्याला. तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"कशाला सांगितलं गं मला?" ती म्हणाली.

"तुला कळावं म्हणून."

"कळून काय करू मी आता? काम सुटलं, बाया गेल्या, पाय गेले, तरी एक माणूस होता दोष द्यायला. सकाळी उठून त्याला चार शिव्या दिल्या की दिवस निघायचा." तिनं सूप बाजूला सारलं. "आता कुणाला देऊ?"

मी तिच्यासाठी भात टाकला. तिनं दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

घरी आले तेव्हा हिरामण दारात बसला होता. मी आईला काय सांगून आले ते त्याला माहीत नव्हतं.

"कशी आहे मामी?"

"आहे तशीच."

"माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

"नाही," मी म्हटलं. "आता काही म्हणत नाही."